दिवसा जळणारा दिवा

वीज म्हणजे काय ते मी लग्न होऊन बीडला आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माहेर आणि सासर दोन्ही आष्टीकडची. तिकडे रॉकेलची चिमणी, आणि लढाईच्या त्या दिवसांत रॉकेलही मापून मिळायचं. त्यामुळे 'जिनिंगच्या मागे भाड्यानं खोली मिळाली आहे, खोलीत विजेचा दिवा आहे' असं आमच्या ह्यांचं पत्र आलं, तेव्हा मी गावभर सांगत सुटले. पत्र मी स्वतः वाचलं होतं. चौथी शिकलेली होते आणि त्याचाही मला भारी तोरा होता.

हे तहसीलमध्ये अहलकार, म्हणजे साधे कारकून. सगळा कारभार उर्दूत. दिवसभर उजवीकडून डावीकडे लिहून घरी आले की मराठी पत्र लिहितानाही ह्यांचा हात क्षणभर भलत्या बाजूला जायचा. राज्य निजामाचं आणि खोली जिनिंगच्या मालकाची. मालकाला आम्ही कधी जवळून पाहिलंच नाही. आमच्यासाठी मालक म्हणजे त्याचा मुनीम.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीला लागून तीन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत पोलिसातले एक म्हातारे जमादार एकटेच राहायचे. मधली आमची. शेवटच्या खोलीत धनगर नवराबायको. त्यांची मेंढरं दुष्काळात मेली, तेव्हापासून तो जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा. तिन्ही खोल्यांना एकेक दार, खिडकी एकीलाही नाही. हवेत सदा सरकीचा वास आणि कापसाचे तंतू. भाकरी थापताना पिठात तंतू, दुधात तंतू. मी आल्याच्या आठवड्यातच त्या घराला नावं ठेवायला लागले होते, पण दिव्याला नाही.

दिव्याची तऱ्हा अशी होती. जिनिंगचं इंजिन सकाळी सुरू व्हायचं आणि रात्री जेवणं झाली की बंद. इंजिन चालू तोवर तारेत वीज. तार आधी जमादारांच्या खोलीत, तिथून आमच्या दाराच्या चौकटीवरून लाकडी पट्टीच्या आतून आमच्याकडे, आणि तशीच पुढे धनगराकडे. प्रत्येकाला एक दिवा, एक बटण. ओसरीच्या खांबावर तिघांचं मिळून एक मीटर, काचेआड फिरणारी चकती असलेलं. महिना भरला की मुनीम येऊन आकडा लिहून न्यायचा आणि विजेचा आकार तिघांवर सारखा वाटायचा. दिवसा दिवा लावायचा नाही असा नियम कुणी केला नव्हता, कारण दिवसा दिवा लावणार कोण?

धनगरणीशी माझं बरं होतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी. मला दिवस गेलेत हे माझ्या आधी तिनं ओळखलं. मी पाण्याला निघाले होते, तर माझ्या हातातली मोठी घागर तिनं काढून घेतली आणि म्हणाली, "बाई, आता ही उचलायची न्हाई." तेव्हा तिला स्वतःला नववा लागला होता. आमच्या दोघींच्या दोन घागरी तिनं एकटीनं आणल्या आणि मी मोकळ्या हातांनी मागून चालत आले. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही. आता वाटते.

दिवाळीनंतर ती बाळंत झाली. मुलगा. याआधी तिची दोन मुलं गेली होती, दोन्ही जन्मल्यावर महिन्याच्या आत. मी पेज घेऊन गेले तेव्हा खोलीचं दार गोधडीनं बंद केलेलं होतं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. बाहेर टळटळीत दुपार, आणि आत तो दिवा जळत होता.

मी म्हणाले, "अगं, दिवसाढवळ्या दिवा?"

"सव्वा महिना इझू देणार न्हाई," ती म्हणाली. "इंजिन बंद झालं की पणती लावते, इंजिन लागलं की हे बटन."

"नवस आहे का?"

तिनं मान हलवली. "नवस कशाचा. दोन्ही बारीला लेकरू अंधारात गेलं, बाई. शेजारी निजलं व्हतं अन् मला दिसलंच न्हाई कवा गेलं ते. उजाडल्यावर हात लावला तर गार. ह्याला मी बघत बसणार हाय."

मी त्या वेळी डोळे पुसले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे केलं ते दगडाच्या काळजाच्या बाईनं केलं असं वाटलं तर माझी फारच सोपी सुटका होईल.

तिसऱ्या दिवशी सासूबाई गावाहून आल्या. मला दिवस गेल्याचं कळल्यावर त्या यायच्याच होत्या. शेजारची बाळंतीण आणि तिची हकिकत ऐकली आणि त्यांनी आल्या पावली मला फैलावर घेतलं.

"दोन गेल्यात तिची. तिसरं आजून पाचवीच्या आत. अन् तू पोटुशी, भिंतीला भिंत लागून ऱ्हातीस. तिच्या हातचं खातीस, तिच्या हातचं पाणी पितीस. काई अक्कल?"

"आत्याबाई, ती चांगली आहे हो."

"ती चांगलीच असंल. तिच्या मागं जे हाय ते चांगलं न्हाई."

मी चौथी शिकलेली. असल्या गोष्टींना हसणारी. पण पोटात जीव आला की माणूस आधी भितो आणि मग हसतो. मी भ्यायले. सासूबाईंनी टांगेवाल्यांच्या अड्ड्यावरून घोड्याची जुनी नाल आणली, आणि बैलगाडीच्या साटीला, म्हणजे बैठकीच्या लाकडांना, मारतात तसला वीतभर लांबीचा एक खिळा. अमावास्येला चौकटीवर नाल ठोकली की बाहेरचं काही आत येत नाही, असा त्यांचा हिशेब. त्या दिवशी अमावास्येची जिनिंगला सुट्टी होती, इंजिन बंद. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून पाटावर पाट ठेवून मीच चढले. त्यांनी खालून सांगितलं, "मधोमध घे, पार भितीत जाऊ दे." मी वरवंट्यानं खिळा हाणला. लाकडी पट्टीतून, चौकटीतून, पार मातीच्या भिंतीत गेला. ठोकताना मी शेजारच्या दाराकडे पाहिलं नाही. तिला ठोके ऐकू गेलेच असणार, आणि ते कशासाठी हेही तिला कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी इंजिन लागलं आणि तेव्हापासून आमच्या दिव्याला काहीतरी झालं. मधेच मंद व्हायचा, मधेच थरथरायचा. धनगरणीचा तर लालसर तांबडाच दिसायचा. मी दाराजवळची भिंत पोतेरं मारून सारवायला गेले, तर ओल्या हाताला मुंग्या आल्या, कोपरापर्यंत. पाण्याचा रांजण त्याच भिंतीला टेकून होता, त्यामुळे ती कायम ओली. मी हात झटकून सासूबाईंना सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. "नाल काम करतीय बघ. शिरायला बघतंय ते, अन् नाल शिरू देत न्हाई."

जमादारांनीही एकदा जाता जाता भिंतीला हात टेकला आणि मागे सरले. "बाई, तुमारी दीवार काटती है," असं म्हणून ते हसले. आम्हीही हसलो. मिस्त्रीला बोलवावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. वीज दिव्यात असते, भिंतीत कशाला येईल! आणि दिवे मंद का झाले, याचं उत्तर तर आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर होतं. शेवटच्या खोलीतला दिवा दिवसभर वीज ओढतो, मग बाकीच्यांना कुठून पुरणार?

महिना भरला. मुनीम मीटरपाशी वाकला, पुन्हा वाकला, चष्मा पुसून परत वाकला. आकडा गेल्या महिन्याच्या तिपटीवर गेला होता. आमच्या वाट्याला आलेली रक्कम ऐकून हे नुसते उभे राहिले. भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, माझ्यासाठी लावलेलं दूध, यातलं काहीतरी बंद होणार होतं. ह्यांना भांडता येत नसे. कचेरीत वरच्यांसमोर मान खाली घालून घालून ती घरीही वर यायची नाही. मला मात्र भांडता येत होतं.

मी पदर खोचून ओसरीत आले. "मुनीमजी, आम्हाला कशाला विचारता? ज्यांचा दिवा भर दुपारी जळतो त्यांना विचारा. जमादार एकटे, आठ वाजता निजतात. आमचा दिवा जेवणापुरता. कुणाच्या हौसेचे पैसे आम्ही का भरायचे?"

हौस म्हणाले मी. तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि शेजारच्या दारावरची गोधडी हलली. तिनं ऐकलं होतं.

मुनीम म्हणाला, "वहिनी म्हणतात ते रास्त आहे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला घेऊन आला. इंजिनाचा मिस्त्री हाच तारांचंही बघायचा. त्यानं आमच्या खोलीपलीकडची तार कापली आणि धनगरणीचा दिवा काढून खिशात घातला. ती बाळाला छातीशी धरून दारात आली. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर येत नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून बोलत होती.

"मुनीमसाब, लई न्हाई, आता थोडेच दीस राह्यलेत. धनी बोजे उचलून फेडंल. जास्तीचं समदं आमच्यावर टाका."

"मालकाचा हुकूम आहे," मुनीम म्हणाला. मालकाला यातलं काही माहीत असेल असं मला वाटत नाही.

तिचा नवरा बोजा पाठीवर घेऊन फाटकापाशी थांबला होता. तो बोलला असता तर कामही गेलं असतं आणि खोलीही.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत असावी. मी रांजणावरचं झाकण नीट करत बसले.

त्या बंद खोलीत दिवसाही डोळ्यांत बोट घातलं तर दिसायचं नाही. आता तिला दिवसासाठीही तेल लागायला लागलं. करडीचं तेल ती भाजीतून काढून पणतीत घालायची, पुढं पुढं भाजीलाही उरेना. आमच्याकडे रॉकेलची एक बाटली भरलेली होती, इंजिन बिघडलं तर म्हणून ठेवलेली. मी ती दोनदा उचलली. एकदा तर दारापर्यंत गेले. आतून सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागणीला घरातलं तेल त्या दारी देतीस व्हय?" आणि मी बाटली परत फळीवर ठेवली. सासूबाईंवर ढकलायचं नाही मला. बाटली माझ्या हातात होती.

थंडी वाढली. बाळाला ताप आला, छाती भरली. सरकारी दवाखान्यातून धनगरानं काहीतरी पातळ औषध आणलं. दोन दिवस भिंतीपलीकडून घरघर ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती थांबली आहे हे मला जाणवलं, आणि मग तिचा आवाज आला. ती ओरडली नाही. नवऱ्याला सांगत होती, पण भिंत पातळ, शब्द न् शब्द इकडे आला.

"पणती कवा गेली कळलंच न्हाई मला. डोळा लागला. ह्या बारीलाबी दिसलं न्हाई मला."

मी अंथरुणात उठून बसले आणि दोन्ही हातांनी पोट धरलं. दिवा विझल्यानं मूल मरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. छाती भरली म्हणून ते गेलं, विजेच्या दिव्याखालीही गेलंच असतं कदाचित. पण तिनं ते जगेल असं मागितलंच नव्हतं. तिनं एवढंच मागितलं होतं की ते तिच्या डोळ्यांसमोर असावं. ते मी काढून घेतलं.

पुढल्या महिन्यात मुनीम पुन्हा मीटरपाशी वाकला. धनगरणीची तार कापून कितीतरी दिवस झाले होते, तरी आकडा कमी नव्हता, चार आकडे वरच होता. मुनीम चक्रावला आणि त्यानं मिस्त्रीला पाठवून दिलं. घरी मी एकटी होते. सासूबाई बाजारात, हे कचेरीत. मिस्त्रीनं आधी जमादारांकडे पाहिलं, मग आमच्या दारात येऊन वर बघितलं आणि तसाच बघत राहिला.

"बाई, ही नाल कोनी ठोकली?"

"का?"

त्यानं इंजिन थांबवायला सांगून पकडीनं खिळा ओढून काढला. लाकडी पट्टी खिळ्याभोवती काळी पडली होती. खिळ्यालाही जळका वास होता. त्यानं तो माझ्यापुढे धरला.

"तारंतच घुसलाय. रोज इंजिन लागल्यापासून बंद होईस्तोर ह्या खिळ्यातून भितीत करंट जात व्हता. भीत ओली. मीटर फिरंल न्हाई तर काय? त्या बाईच्या एका दिव्यानं काय एवढं व्हतंय, दिवसभर लावला तरी." मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "तवाच बघाय पायजे व्हतं मी. मुनीम म्हनला तार काप, मी कापली. आता मालकाला कळलं तर माझी भाकर जाईल. मी बोलत न्हाई, तुमीबी बोलू नका."

मी बोलणार नाही म्हणाले. लगेच म्हणाले, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. तो पट्टी बदलून गेला. मी खिळा आणि नाल राखेच्या ढिगात खोल पुरली. संध्याकाळी सासूबाईंनी नाल कुठं गेली म्हणून विचारलं, तेव्हा मिस्त्रीनं नेली असं सांगितलं. त्या मिस्त्रीला शिव्या देत बसल्या.

दोन दिवसांनी धनगर नवराबायको निघाली. नांदूरघाटाकडे त्याच्या भावाची मेंढरं होती, तिकडे राखणीला जाणार होती. बोचकी दोनच. ती माझ्या दाराशी आली. तोंड उतरलेलं, पण केस नीट बांधलेले. मला वाटलं आता ही बोलणार, आणि मी तयार होते. बोलली असती तर मीही सांगून टाकलं असतं, खिळ्याचं, सगळं. निदान तसं मी स्वतःला सांगत आले आहे.

ती म्हणाली, "बाई, माझ्यापायी तुमाला भुर्दंड पडला. मनात ठिवू नका."

तिनं काखेतून एक लहानसं घोंगडं काढलं. काळंभोर, मऊ, कडेला पांढरी रेघ. मेलेल्या मेंढरांची शेवटची लोकर तिनं जपून ठेवली होती, ती कातून सणगराकडून विणून घेतलेलं. तिच्या बाळासाठी.

"हे नवंच हाय. त्याला पांघरलंच न्हाई, सव्वा महिन्यानं काढनार व्हते. तुमच्या लेकराला व्हईल. का चालायचं न्हाई तुमच्या घरात?"

"चालेल," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

पुढच्या महिन्यात मीटर पहिल्यासारखं झालं. मुनीम खूश होऊन म्हणाला, "बघा, धनगरीण गेली आणि मीटर वठणीवर आलं." जमादारांनी मान डोलावली. ह्यांनीही. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हनत न्हवते?" आणि मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले. पुढं त्या ओसरीत जो कुणी नवा भाडेकरी आला, त्याला दिवसा दिवा लावणाऱ्या धनगरणीची गोष्ट सांगितली गेली. मी ती दर वेळी ऐकली.

भर उन्हाळ्यात मला मुलगा झाला. हंगाम संपत आला होता, तरी इंजिन चालू होतं. पहिल्या दिवसापासून मी दिवा लावला तो लावलाच. दिवसाही, दाराला गोधडी लावून. इंजिन बंद झालं की रॉकेलची चिमणी. सासूबाई बडबडल्या, हे खर्चाच्या काळजीनं गप्प झाले. मी कुणाचंही ऐकलं नाही. ते काळं घोंगडं पोराच्या अंगावर होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसलेली असायचे, डोळे जळेपर्यंत.

महिना भरला तसा मुनीम आला. मीटरवर वाकला, आकडा लिहिला आणि दाराच्या फटीतून येणारा उजेड त्याच्या नजरेला पडला. भर दुपार होती. आता तो विचारेल, आणि मग मी सगळं सांगेन असं मी ठरवून टाकलं.

"बाळंतिणीच्या खोलीतला दिवा आहे, जळू द्या वहिनी," बाहेरून मुनीम म्हणाला. "दोन पैशांनी काय होतंय. आपल्या माणसाचं मूल आहे."

त्याच्या वहाणांचा आवाज ओसरीवरून लांब गेला. मी काही बोलले नाही. सव्वा महिना तो दिवा जळला आणि माझं मूल मला सारखं दिसत राहिलं.